मॅकिंटायर साहेब आणि अण्णांचा वाकस

माहेरचं घर रिकामं करायचं होतं. काय ठेवायचं, कुणाला काय द्यायचं, याची यादी घेऊन मी सकाळपासून राबत होते. वडिलांची, म्हणजे अण्णांची, हत्यारांची पेटी उघडली, सागाच्या भुशाचा वास आला आणि मी थकून तिथेच बसले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं, मी लहान होते. हिंगोलीच्या जुन्या छावणीतल्या गोऱ्यांच्या कबरस्तानात अण्णा एका कबरीचं लाकडी कुंपण दुरुस्त करत होते. आपल्या आजोबाची ती कबर बघायला मॅकिंटायर साहेब स्कॉटलंडहून आला होता. मोडक्या हिंदीत तो सांगत होता, मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा. मूळ पुरुषाच्या नावेला भर समुद्रात भोक पडलं. त्याने भोकात अंगठा खुपसला आणि हात मोकळा व्हावा म्हणून अंगठाच तोडून तिथे ठेवला.

"अन् मंग वाकस कसा धरला असंल हो त्यानं?" अण्णा हसले. लाकूड तासायचा आपला वाकस त्यांनी साहेबापुढे केला. "धरा साहेब, तुमी आमच्यातलेच की."

त्या वाकसाला सुताराखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा घरचा नियम होता.

"अण्णा, मला काहून न्हाई?"

"तुहं आडनाव उद्या बदलंल, बाई."

साहेबाला वाकस धड धरता येईना. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. आज वाटतं, त्याच्याकडेही सुतारकीतलं नावाशिवाय काही उरलं नव्हतं.

"आत्या, ती हत्यारं भंगारात टाक," भाचा आतून ओरडला.

यादीत वाकसापुढे मी माझं नाव लिहिलं, लग्नाआधीचं.