अर्गनचं तेल आणि माझी पाठ

यंदा दिवाळीला लेक येणार होती. तिच्यासाठी बेसन भाजून ठेवलं होतं. आणि आली काय, तर बाटली! बोटभर उंचीची, झाकणाला ड्रॉपर. फोनवर म्हणाली, "आई, रजा नाही गं मिळाली. अर्गनचं तेल पाठवलंय, अभ्यंगाला लाव."

"अर्गन? ही कोण बया?" मी म्हटलं. राग तेलावर काढला. लेकीवर काढला तर ती फोन ठेवते.

हे गेल्यापासून घरात मी एकटी. दुपार म्हणून सरत नाही. बसले मोबाईलवर त्या नावाच्या मागे लागून. निघालं मोरोक्कोतलं काटेरी झाड. नाव तिथल्या बर्बर लोकांच्या बोलीतलं. तेलालाही ते अर्गनच म्हणतात. अरबांनी त्याचं हरजान केलं होतं म्हणे. एकट्या उभ्या झाडाला मात्र वेगळं नाव, तारगांत. घ्या! एकटं पडलं की झाडाचंसुद्धा नाव बदलतं.

तिथल्या बायकांचा दगडावर बिया फोडतानाचा फोटो होता. माझं माहेर डोंगरातलं, पेठ गावचं. आमच्याकडे मोहाच्या बिया अश्शाच फोडायच्या, घोळक्यानं बसून, एकमेकींची टिंगल करत. त्या फोटोकडे बघून मला रडूच आलं. कुठला मोरोक्को, कुठलं काय!

चतुर्दशीच्या पहाटे पाट मांडला. बाटलीवर लिहिलं होतं, दोन थेंब पुरे. अभ्यंगाला दोन थेंब? देवाला वाहायचंय का? सगळी बाटली वाटीत ओतली आणि कोमट करून घेतली. आमच्या घरी या दिवशी आपलं तेल आपण लावून घ्यायचं नसतं, दुसऱ्यानं लावायचं. मला लेक लावायची. लग्न होऊन गेली तरी या दिवसापुरती यायची, आणि पाठ अशी रगडायची की मी ओरडायचे. हे बाहेरून विचारायचे, "जिवंत आहे ना ती?"

डोकं, हात, पाय माझे मीच चोळले. तेवढ्यात तिचा फोन.

"लावलंस?"

"लावलं की. सगळी बाटली ओतली."

"अगं, वर्षभर पुरली असती ती!" ती हसत सुटली. मलाही हसू आलं. मग म्हणाली, "आणि पाठीला?"

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. तेव्हा मात्र मी नुसता हात मागे नेऊन बघितला, खांद्याखाली चार बोटं पोचला, पुढे काही जाईना.

"तू ये गं," मी म्हटलं. इतके दिवस टोमणे मारले, रुसले, पण एवढं साधं बोलले नव्हते. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

वाटीच्या तळाशी थोडं तेल उरलं होतं. पाठीपुरतं.