आवाज नसलेला तुकडा

"कापताना हात नाही, डोळा थकला पाहिजे," असं कात्रीवाले सांगत. चहा पिताना सांगत, कुणी न विचारताही सांगत. लग्नासमारंभांच्या व्हिडिओंची काटछाट करून फिल्म बनवायची, हे त्यांचं काम. नावही त्यावरूनच पडलेलं. घराची पुढची खोली हेच दुकान. तिथे एक संगणक होता, मालकासारखाच पिकलेला.

पडद्यावर चित्रांची रांग लावायची, माउसनं मागेपुढे सरकवत बघायची आणि नको तिथे कापायची, ही त्यांची जन्माची रीत. पण हल्लीच्या कॅमेऱ्यांची चित्रं त्या संगणकाला पेलेनात. नवरी हसायला तोंड उघडायची आणि तशीच आ वासून राहायची. कात्रीवाले तिच्यापुढे हाताची घडी घालून बसायचे.

"हसली का हो?" बायको आतून विचारायची.

"अजून विचार करतेय."

बायको हसायची, पण तिचा जीव खालीवर व्हायचा. गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे जाऊ लागली होती.

मग त्यांचा भाचा आला. संगणकातलंच शिकलेला, नोकरीवाला. त्याने यंत्र उघडून बघितलं आणि मान हलवली. "मामा, नवं सॉफ्टवेअर यावर चालायचं नाही. जुनं असंच अडखळणार. हाच संगणक ठेवायचा तर लिहून कापायला शिका."

"लिहून?"

"चित्रं मांडायचीच नाहीत. एका फाइलमध्ये हुकूम लिहायचे. या व्हिडिओतून इथपासून इथपर्यंत घे, त्याला तो तुकडा जोड. काही दाखवायचं नसलं की हा दमत नाही. मामींना सामानाची चिठ्ठी देता ना, तसंच."

"चिठ्ठी कुठली देतात," मामी म्हणाली. "तोंडानं सांगतात, आणि त्यातलं निम्मं स्वतःच विसरतात."

"म्हणजे डोळे मिटून हजामत," कात्रीवाले पुटपुटले. पण शिकले. एकेका बोटाने, चुकत, चिडत शिकले. भाच्याने जाता जाता एक हुकूम जास्तीचा दिला: जिथे आवाज नाही, तो भाग वगळ. कॅमेरावाले कॅमेरा चालू ठेवून जेवायला जातात, तो सगळा कचरा आपोआप गळून पडायचा. संगणक बापडा मुकाट्याने घुरघुरत राही, आणि फिल्म तयार. आधी आधी कात्रीवाले मूळ चित्रीकरण निदान वरवर बघून घेत. पुढे तेही सुटलं. नवरा वेळेवर जेवायला येतो, याचं बायकोला सुखच वाटलं.

समोरच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा ते काम त्यांच्याकडे आलं. लग्नाआधीच बाईंच्या नवऱ्याची वाचा अर्धांगाच्या झटक्याने गेली होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. मुलीला सासरी पाठवायला फिल्म हवी होती, म्हणून बाईंनी घाई केली. कात्रीवाल्यांनी नेहमीचे हुकूम लिहिले, फिल्म करून दिली आणि नेहमीप्रमाणे मूळ चित्रीकरण पुसून टाकलं. जुन्या संगणकात जागा ती किती असणार? लगेच पुढच्या लग्नाने ती भरली.

एका दुपारी शिंपीणबाई आल्या. बायकोने पाणी दिलं. त्यांनी ते तसंच धरून ठेवलं.

"दादा, लग्नादिवशी सकाळचं ते कुठे आहे हो? ह्यांनी मुलीला खोलीत नेलं होतं. दार लावून. कॅमेरावाला तेवढा आत होता."

"असेल की, ताई. पुढे असेल."

तिघांनी फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. बँड होता, हशा होता, पाहुण्यांची बडबड होती. बाईंचा नवरा एकदाच दिसला, गर्दीत, पाठमोरा.

कात्रीवाल्यांनी हुकमांची फाइल उघडली. बायकोला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. नवऱ्याचं बोट एका ओळीवर थांबलं आणि तिथून हललं नाही, एवढं तिला कळलं.

"त्यात आवाज नव्हता, ताई," ते म्हणाले. "म्हणून संगणकाने..."

"आवाज तर त्यांचा गेलाच होता. तुम्ही भेटायला आला होतात की." बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. "तिच्या चेहऱ्यावरून नुसता हात फिरवत होते. ती म्हणते, आई, तेवढंच पाठव. बाकीचं नको."

बायकोला वाटलं, यांनी काहीतरी बोलावं. मग वाटलं, नको, काहीच बोलू नये.

कात्रीवाले उठले. चप्पल शोधू लागले, ती पायाशीच होती.

"कॅमेरावाल्याकडे जाऊन येतो. त्याच्या कार्डात राहिलं असेल काही."

त्या कार्डावर नंतर कितीतरी लग्नं चढली होती. कॅमेरावाल्याने तसं इथेच बसून कात्रीवाल्यांना सांगितलं होतं, बायकोने ऐकलं होतं.

ते भर उन्हात निघाले. कुणीतरी हाक मारली, त्यांनी वळून बघितलं नाही. बायको खिडकीशी उभी होती. शिंपीणबाई उठून तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कॅमेरावाल्याचं दुकान उजवीकडे होतं. कोपऱ्यावर ते क्षणभर थबकले आणि डावीकडे वळले. दोघींनीही ते बघितलं.