गुलाबावरचा मावा

गच्चीवरच्या गुलाबाकडे वाकून बघत शेजारीण म्हणाली, "ताई, मावा लागलाय की वो ह्याला." मी हातातली झारी खाली आपटली. तिचा काही दोष नाही. कोवळ्या शेंड्यांना चिकटून रस शोषणाऱ्या त्या हिरव्या किडीला मावाच म्हणतात. पण पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोळून जो मावा देतात, त्यानं माझ्या नवऱ्याचा गाल पोखरला आणि गेल्या वर्षी माणूसच नेला. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. मुलगा एकुलता, तसलं काही तोंडात घालायचं नाही म्हणून त्याला मी माझी शपथ घातलेली.

गुलाब ह्यांनीच लावलेला. शेवटी बोलता येईना, तेव्हाही खुणा करून त्याला पाणी घालायला लावायचे. तो मरू द्यायची माझी तयारी नव्हती. साबणाचं पाणी मारलं, कडुनिंबाचं तेल मारलं, कीड पुन्हा हजर. नर्सरीवाल्यानं सांगितलं, तंबाखू उकळून ते पाणी फवारा. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. मग मीच मुकाट्यानं जाऊन तंबाखू आणली.

पातेलं गच्चीवरच उकळलं, तरी वास जिन्यानं खाली आला. ह्यांच्या शर्टाचा, उशीचा वास. मला रडू आलं आणि, खरं सांगते, बरंही वाटलं.

मावा काळा पडून गळाला. मी पातेलं फेकून दिलं, जिना फिनेलनं पुसला. वास मात्र जाईना. संध्याकाळ झाली की बाहेरच्या खोलीत यायचा, ह्यांच्या खुर्चीपाशी रेंगाळायचा. मी त्या रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागले. कळ्या धरल्यात म्हणून सांगायचे. मुलगा कागलच्या एमआयडीसीतून घरी आला की त्याला विचारायचे, वास येतो का रे? तो नुसती मान हलवायचा आणि आत जायचा.

एका रविवारी कुंडी सरकवायला त्याला वर बोलावलं. तो माझ्याशेजारी वाकला आणि तोच वास भपकन माझ्या तोंडावर आला. इतके दिवस रोज संध्याकाळी मी कुणाशी बोलत होते?

"तोंड उघड," मी म्हटलं.

"काय न्हाई गं आई," तो गाल न हलवता म्हणाला.

लहानपणी तोंडात माती घातली की धरायचे, तसा मी तळहात त्याच्या हनुवटीखाली धरला.

"थुंक."