खाजगी पत्र, सरकारी पत्र

“विषच घातलं म्हणा ना सरळ!” हॉलमधून आवाज आला आणि सगळे हसले.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बोलणारी होती मंडळाच्या अध्यक्षांची बायको, म्हणजे काकी. मंडळ म्हणजे सौदीतल्या जुबैलमधल्या आमच्या कंपाउंडमधली मूठभर मराठी घरं. बाबा त्याचे सचिव. अध्यक्ष काका प्लान्टमध्येही बाबांचे साहेब, त्यामुळे मंडळाची बैठक आमच्याकडे आणि चहाही आमचाच.

महाराष्ट्र दिनाच्या जेवणानंतर बऱ्याच जणांची पोटं बिघडली होती. दोन मुलांना सलाईन लावावं लागलं. संशय आम्रखंडावर होता आणि ते केलं होतं मागच्या इमारतीतल्या काकूंनी. काकू घरून डबे देत. बायकामुलं भारतात ठेवून आलेले शिफ्टवाले ते घेत. कंपाउंडमध्ये असा धंदा करायला परवानगी नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि अध्यक्षांसकट सगळ्यांनीच ते डबे खाल्ले होते.

आता कंपाउंडच्या मॅनेजमेंटकडे लेखी तक्रार करायची ठरत होती. ती तिथून काकूंच्या नवऱ्याच्या कंपनीकडे जाणार. कंपनीच त्यांची कफील, म्हणजे जामीनदार; इकामा, इथे राहायचा परवाना, तिच्या हातात. “खलास होईल त्यांचं इथलं,” बाबा आदल्या दिवशी आईला म्हणाले होते.

तक्रार इंग्रजीत हवी होती, म्हणून मी.

“ये, ये,” अध्यक्ष काका म्हणाले. “कॉन्व्हेंटची पोरगी. आपल्या चुका काढेल ही.”

“मराठीत तोंड उघडत नाही, निदान इंग्रजीत तरी उघड,” त्यांची बायको म्हणाली. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. माझं मराठी अडखळतं हे खरं आहे. पण ऐकू मला सगळं येतं.

त्या दिवसांत मी पुण्यातल्या एका प्राध्यापक बाईंसाठी जुन्या इंग्रजी पत्रांचे स्कॅन बघून टाईप करून देत होते. एका मराठी संस्थानिकावर आरोप होता, की त्याने दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटला सरबतातून विष देवविलं. त्याबद्दल साहेबलोकांनी एकमेकांना लिहिलेली ती पत्रं. एकच माणूस एकाच विषयावर दोन पत्रं लिहायचा. सरकारी पत्र इस्त्री केल्यासारखं: पुरावा, चौकशी, न्याय. खाजगी पत्रात अक्षर सैल व्हायचं आणि माणूसही. मी टाईप केलेल्या खाजगी पत्रांत सरबताचा पेला फारसा यायचाच नाही. गादीवर पुढे कोणाला बसवायचं, लोकांना काय सांगायचं, याचीच चर्चा. चौकशीतल्या देशी सभासदांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. राजा तरीही गादीवरून गेला. सरकारी कागदावर कारण लिहिलं गेलं गैरकारभाराचं.

राजा काही साधा माणूस नव्हता. रयतेला त्याने पिळलं होतं. मला त्याच्याबद्दल प्रेम वाटलं नाही. त्या अक्षराबद्दल मात्र चीड यायची, कारण ते फार सुंदर होतं.

काकूही गोड नव्हत्या. अध्यक्षांच्या बायकोला त्यांनी चारचौघांत विचारलं होतं, “ही आमटी आहे की भांडी विसळलेलं पाणी?” ते कोणी विसरलं नव्हतं.

“आम्रखंडामुळेच झालं, हे सिद्ध कसं करायचं?” बाबांनी विचारलं.

“सिद्ध कशाला करायचं?” अध्यक्ष काका म्हणाले. “परमिशन नाही, एवढंच लिहायचं. आजारपणाचा नुसता उल्लेख. बाकी ते समजतील.”

“आणि डब्यांचं काय? पोरं उपाशी राहतील,” आई म्हणाली.

“माझी वहिनी आलीय ना,” काकी लगेच म्हणाल्या. “तिला जमेल.”

“तिला परमिशन आहे?” आईने विचारलं.

“तिचं बघू की नंतर. तुम्ही पण ना, वहिनी!”

पुन्हा सगळे हसले. आई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको, असं.

कारण मी आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जेवणाच्या त्या शुक्रवारी मी अध्यक्षांच्या गाडीत होते. काकूंनी फ्रीजमधून काढलेलं गार पातेलं माझ्यासमोर डिकीत ठेवलं आणि बजावलं, “हॉलवर गेल्या गेल्या फ्रीजमध्ये टाका हं.” कंपाउंडच्या कार्यक्रमाच्या हॉलला कुलूप होतं. चौकीदार किल्लीसकट जुम्म्याच्या नमाजाला गेलेला. “यल्ला, चला, तोवर आमच्याकडे चहा,” काका म्हणाले. पातेलं मोठं, घरच्या फ्रीजमध्ये मावणार नाही म्हणून डिकीतच राहिलं. गाडी उघड्यावर, मे महिन्याच्या उन्हात. नमाज संपून हॉल उघडला तेव्हा आम्रखंडाला पाणी सुटलं होतं आणि आंबूस वास येत होता. काकींनी डाव घेतला. “ढवळलं की झालं,” असं म्हणून त्यांनी ते ढवळलं.

आई तेव्हा म्हणाली होती, “आपण यात पडायचं नाही. बाबांचं अप्रेझल त्यांच्याकडे आहे.”

“लिही,” अध्यक्ष काका आता सांगू लागले. “रिस्पेक्टेड सर. विथ ग्रेट रिग्रेट...”

मी ते टाईप केलं. ग्रेट रिग्रेट. सकाळीच मी तसले शब्द टाईप केले होते, सरकारी पत्रात. मी टाईप करायचं थांबले.

“काय झालं? स्पेलिंग अडलं?” काकींनी विचारलं. “की एवढं शिकून तेवढंही येत नाही?”

बाबा खाली गालिच्याकडे बघत होते. मी लॅपटॉप मिटला. आणि बोलले ते माझ्या मोडक्या मराठीतच.

“काका, पातेलं नमाज संपेपर्यंत तुमच्या डिकीमध्ये होतं. उन्हात. काकी, वास आलेला तुम्हाला, मी बाजूलाच उभी होते, तरी तुम्ही ते ढवळून वाढलं. हे पहिलं लिहिते मी, मग परमिशनचं.”