मोठ्या बाईंची सही

शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं टाइप करणाऱ्या त्या माणसाला सगळे भाऊसाहेब म्हणत, त्याच्या बायकोसकट. लेक एकुलती एक, त्याच शाळेत शिकणारी, घरातलं नाव ठकू. तिचा जीव अडकला होता एकाच कॉलेजात. तिथे मार्कांबरोबर शिक्षकाचं शिफारसपत्र लागायचं. तेही एकाच शिक्षकाचं. कुणाचं हवं ते अर्जात भरायचं, आणि एकदा भरलं की भरलं.

ठकूने प्रयोगशाळेतल्या सरांचं नाव मनाशी पक्कं केलं होतं. सर दोन वर्षांपूर्वी आलेले, अजून हंगामी, शर्टावर कायम कसले तरी डाग. भाऊसाहेबांचं डोकंच फिरलं. अहो, ज्याची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही ठाऊक नाही, त्याच्या सहीला काडीची तरी किंमत आहे का? इथे मोठ्या बाई, साक्षात मुख्याध्यापिका, शेजारच्या खोलीत बसल्यात, गोल शिक्का, लफ्फेदार सही, आणि ही पोर कुणाच्या मागे लागते! दोन दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी भाऊसाहेबांनी स्वतःच अर्ज उघडला, मोठ्या बाईंचं नाव घातलं आणि पाठवूनही दिला. ठकूने बापाशी बोलणं टाकलं.

आता गंमत बघा. मोठ्या बाईंची पत्रं लिहितं कोण? भाऊसाहेबच. मजकूर ठरलेला: आज्ञाधारक, वक्तशीर, सर्व उपक्रमांत सहभागी. जुनं नाव पुसायचं, नवं घालायचं, बाई न वाचता सही ठोकणार. बावीस वर्षं हेच केलेल्या माणसाला स्वतःच्या लेकीच्या वेळी मात्र त्याचा साफ विसर पडला. पत्र पाठवायच्या शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, नेहमीसारखं करून आणा, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

गेल्या वर्षीच्या पोराचं नाव पुसून त्यांनी ठकूचं घातलं आणि वाचून पाहिलं. एकही ओळ तिची नव्हती. एखादं तरी खरं वाक्य घालावं म्हणून तासभर बसले, पण सुचेल तर शपथ. ताप आला की पोर कुठल्या कुशीवर झोपते ते ठाऊक, पण वर्गात काय करते ते ठाऊक नाही. एका छताखाली बसून ही तऱ्हा. त्यांना स्वतःची लाज वाटली.

कॉलेजला फोन केला, तर नाव आता बदलता येणार नाही म्हणाले. मग मधल्या सुट्टीत ते खाली मान घालून प्रयोगशाळेत गेले. सरांनी खणातून दोन पानं काढून हातावर ठेवली. ठकूने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून लिहिलेली. हवं तर बाईंच्या नावाने घाला, माझी हरकत नाही, पोरीचं भलं होऊ दे, असंही म्हणाले.

भाऊसाहेबांना हायसं वाटलं. जागेवर येऊन ते भराभर टाइप करू लागले. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की एकदा लंबकाचा प्रयोग बिघडला तेव्हा सगळ्या वर्गाने पुस्तकातल्या उत्तराशी जुळतील असे आकडे लिहिले. हिने आपले चुकलेले आकडे तसेच ठेवले, आणि मार्क गेले. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, मी जे पाहिलंच नाही ते लिहू कसं?

भाऊसाहेबांचे हात थांबले. यातलं मोठ्या बाईंनी काय पाहिलं होतं? त्यांनी टाइप केलेलं सगळं पुसलं, नेहमीचं पत्र काढलं, सही घेतली आणि मुदत संपायच्या आत पाठवलं.

घरी आल्यावर त्यांनी ठकूला समोर बसवून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझं चुकलं, म्हणाले. सरांची दोन पानं तिच्या हातात दिली. तिने ती सावकाश वाचली, परत एकदा वाचली.

"मग बाबा, कॉलेजला कुणाचं पत्र गेलं?"

"माझंच," भाऊसाहेब म्हणाले. "त्यात तुझं फक्त नाव आहे."