तो गडावरून परत येतो

काल आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात जुनी पुस्तकं विकायला काढलेली. त्यात ती कादंबरी दिसली. खाकी पुठ्ठा, पानांना डांबरगोळीचा वास; आणि त्या वासासरशी मी थेट ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या लाकडी बाकावर जाऊन बसले.

मी सोळा वर्षांची होते. आईचं पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. कुठलीही कादंबरी हातात आली की आई आधी शेवटचं पान वाचायची. आत नेताना तिने हीच माझ्या हातात दिली. "वाच गं. येतो तो गडावरून परत. शेवट बघितलाय मी."

तो म्हणजे एक शिलेदार. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या राणीच्या प्रेमात पडलेला, तिच्यासाठी शापित गडावर एकटाच चढणारा. ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा काही विझत नव्हता. बाबा जिन्यापाशी येरझाऱ्या घालत होते. तिकडे गडावर एकेक मशाल विझायची, पैंजणांचा आवाज जवळ यायचा, माझे तळवे घामाने पानाला चिकटायचे. पण तो परत येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी वाचत राहिले. दोन पानं उरलेली आणि दार उघडलं. "झालं ऑपरेशन. बऱ्या आहेत," नर्स म्हणाली. पुस्तक नंतर बाबांनीच वाचनालयात परत करून टाकलं.

काल तिथेच उभ्या उभ्या ती दोन पानं वाचली. तो परत येत नाही.

घरी येऊन आईला तसं सांगितलं. ती भेंडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "माहितीये. पण तुला तिथे चार तास बसायचं होतं."