मास्तरांचा डावा पाय

ज्वा सोंगथेक यांना आमच्या गावात नावानं कोणी हाक मारत नाही. सगळे मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. त्यांनी शिकवलं ते गाडी चालवायला, आणि तेही अख्ख्या गावाला.

तरुणपणी ते फौजेत ट्रक चालवत. पार उत्तरेला, बर्फातल्या घाटांत. सुटून आमच्या जेजू बेटावर परत आले तेव्हा गावात गाड्या मोजक्या, आणि त्या चालवता येणारी माणसं त्याहून मोजकी. आमचं गाव हाल्ला डोंगराच्या उतारावर. वर संत्र्यांच्या बागा, खाली समुद्र, आणि मधे नुसता चढ. त्यामुळे हळूहळू घरोघरी निळे एक टनी पिकअप आले, आणि ज्याला लायसन काढायचं तो मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहू लागला. पाण्याच्या टाकीमागच्या पडीक रानात, काळ्या दगडांच्या गडग्यामधे, ते शिकवायचे. मी त्यांच्या पुतण्याची बायको. लग्न होऊन आले त्याच वर्षी मलाही तिथं नेऊन बसवलं. फी काही नव्हती. शिव्या मात्र पोटभर.

"अगं, गिअर आहे तो! मुळा नव्हे उपटायला!"

त्यांचा सगळ्यात मोठा धडा डाव्या पायाचा होता. "डावा पाय कायम तयार! क्लचवरनं हलवायचा नाही. कुत्रं आडवं आलं तर काय पाय शोधत बसणार?" पाय जरा खाली गेला की माशा मारायच्या चापटीनं गुडघ्यावर फटका. हे त्यांना फौजेत कुण्या सार्जंटनं शिकवलेलं होतं, आणि त्या सार्जंटचं नाव ते अशा सुरात घ्यायचे की पुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.

मास्तरांची स्वतःची गाडी म्हणजे वेगळंच प्रकरण. आधीच कुणा बटाट्याच्या व्यापाऱ्यानं पिळून घेतलेली, मग त्यांच्याकडे आलेली. पुढच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा तो लांब दांडा असतो ना, त्याचा सांधा इतका झिजला होता की गाडी सुटताना खालून 'ठक्' असा आवाज यायचा, कुणीतरी दार ठोठावल्यासारखा. मास्तर म्हणायचे, "निघते म्हणून सांगते बिचारी." वेग वाढला की मागच्या आसातून हुंदके यायचे. आणि तिसरा गिअर तर टिकतच नसे. टाकला की जरा वेळानं आपला आपण निसटायचा. त्यावर उपाय म्हणजे मास्तरांची बायको, आमच्या काकू. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ब्योंगसुनकाकू उजवीकडे बसायच्या आणि डाव्या हातानं गिअरचा दांडा घट्ट धरून ठेवायच्या. मांडीवर भाजीची टोपली, उजव्या हातात फोन, आणि डाव्या हातात तिसरा गिअर. मैत्रिणींशी बोलता बोलता मधेच म्हणायच्या, "थांब गं, दुसरा टाकतायत," आणि हात सोडायच्या.

हे सगळं चालून जात होतं. चालत नव्हता तो क्लच. नवी प्लेट टाकली की संत्र्यांचा एक हंगाम पार पडायचा, दुसऱ्या हंगामात गाडी नुसती गुरगुरायची आणि जागची हलायची नाही. वास असा सुटायचा की शेजारपाजारचे आपापल्या चुलीवरचं बघून यायचे.

"हल्लीच्या प्लेटी म्हणजे बिस्किटं," मास्तर म्हणायचे. "चहात बुडवावीत अशी."

खालच्या तिठ्यावर बू मानगिलचं गॅरेज आहे. मानगिल शेजारच्या गावचा, पण आमचा जावई. मास्तरांची पुतणी त्याला दिलेली. एकदा माझ्या गाडीचाही क्लच गेला म्हणून मी तिथं बसले होते. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसत माझ्याकडे बघत राहिला.

"वहिनी, एक विचारू? गाडी तुम्हाला कुणी शिकवली?"

"काकांनी. का रे?"

तो टायरवर बसलाच. "वाटलंच. दुसऱ्या गावची गाडी आली की मी विचारतो, काय झालं. तुमच्या गावची आली की न विचारता क्लचप्लेट काढून ठेवतो. माझ्या घराचा वरचा मजला तुमच्या गावाच्या डाव्या पायांवर उभा आहे."

मग त्यानं समजावलं. पाय नुसता पेडलवर ठेवला तरी प्लेटीची पकड थोडी सुटते, ती घसरत राहते, घासून घासून जळते. क्लच दाबायचा तेवढा दाबायचा, आणि पाय काढून बाजूला ठेवायचा. झालं.

"मग सांग ना काकांना," मी म्हटलं.

"मी? वहिनी, माझे सासरे 'पोराच्या अंगाला वंगणाचा वास येतो' म्हणून नाही म्हणत होते. काकांनी टेबलावर हात आपटला तेव्हा माझं लग्न झालं. त्या माणसाला मी सांगू, की तुम्ही सगळ्या गावाला चुकीचं शिकवलंत?"

मी सरपंचांना सांगून बघितलं. ते म्हणाले, विचार करायला हवा, आणि मासे पकडायला निघून गेले. शेवटी काकूंकडे गेले. त्या संत्री निवडत होत्या.

"मला दिसत नाही होय तो पाय?" काकू म्हणाल्या. "पण आमचं वाजलं, तर मी गाडीत बसणार नाही. मी नाही बसले, तर तिसरा गिअर कोण धरणार? तू धरतेस?"

मी घरी आले.

मानगिलनं मग आपल्या परीनं एक युक्ती काढली. आमच्याकडे ट्रक मागे घेताना गाणं वाजतं, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. मास्तरांच्या गाडीत नवी प्लेट बसवताना त्यानं ते गाणं गुपचूप क्लचच्या पेडलला जोडून दिलं. पाय पेडलवर टेकला की गाणं सुरू, पाय उचलला की बंद. त्याचा हिशेब असा की, काका वैतागून विचारायला येतील, मग आपण म्हणू, पाय उचलून बघा.

मास्तर गॅरेजमधून निघाले ते गाणं वाजवतच. तिठ्यावर भाजीवाल्यानं गाडी मागे येणार म्हणून टोपल्या मागून पुढं उचलून ठेवल्या, आणि मास्तर पुढून आले. देवळाच्या वळणावर एक म्हातारबा वाट देऊन थांबले. गाडी मागे जाईल, मग जाऊ. गाडी पुढंच गेली. म्हातारबा बराच वेळ तिथंच. वर आमच्या गल्लीत पोरंटोरं गाडीपुढं नाचत आली.

दुसऱ्या दिवशी मास्तर गॅरेजात. "मानगिल, ही का गाते?"

मानगिलनं मला नंतर सांगितलं, वाक्य अगदी तोंडात आलं होतं. पण मास्तरांनी भुवया आवळल्या, आणि त्याच्या तोंडून निघालं, "दमट हवा, काका. वायरीत ओल गेली असणार."

"असू दे," मास्तर म्हणाले. "लोक बाजूला होतात. बरं पडतं."

झालं. पुढं अख्खा उन्हाळा गाव ते गाणं ऐकत राहिलं.

आठव्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सगळं कूळ एकत्र जमून पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापतं. सोलला गेलेला, पुसानला गेलेला, सगळ्यांना यावं लागतं. न आलेल्याचं नाव वर्षभर निघतं. ज्वा घराण्याची थडगी डोंगरावर, घोड्यांच्या कुरणापलीकडे. मास्तरांच्या गाडीत मागे गवत कापायची यंत्रं, पेट्रोलचे डबे, डुकराच्या मांसाचं पातेलं, सोजू दारूच्या बाटल्या, आणि त्यावर मी, माझा नवरा, मानगिल, त्याची बायको आणि दोन पुसानकर. पुढं मास्तर आणि काकू. बाकीचे आपापल्या गाड्यांतून आमच्या मागं.

कुरणाचा चढ सुरू झाला. गाणं गावापासूनच वाजत होतं. केबिनची मागची काच उघडीच होती. इंजिन ओरडत होतं, गाडी मात्र गोगलगाईसारखी. घोडे कुंपणापाशी येऊन बघायला लागले. त्यातला एक आमच्याबरोबर चालत होता. थोड्या वेळानं तो पुढं गेला.

मग वास आला.

"मांस करपलं की काय?" पुसानकरानं पातेल्याचं झाकण उघडून बघितलं.

"मांस नाही," मानगिल डोळे मिटून म्हणाला.

पुढून मास्तरांचा आवाज. "बिस्किट! पुन्हा बिस्किटच बसवलंय त्यानं!"

मानगिलचा चेहरा पडला. त्याच्या बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं, की मला त्याची दया आली. पण तो तोंड उघडायच्या आत काकूंचा आवाज आला, भाजीवाल्याला 'वांगी नको' म्हणावं तितका साधा.

"पाय उचला."

"कुठला पाय?"

"डावा."

"तो तयार ठेवलाय."

"कशासाठी? आयुष्य गेलं तयारीत. उचला म्हणते ना!"

मास्तरांनी इतक्या वर्षांत काकूंचा हा आवाज ऐकला नसावा. त्यांनी पाय उचलला. गाणं थांबलं. कुरणावर एकदम एवढी शांतता पसरली की घोडेही मान वर करून थबकले. मास्तरांनी पाय टेकवला. गाणं. उचलला. शांत. टेकवला, उचलला. मग त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली, हँडब्रेक ओढला, आणि उतरून मागे आले.

"मानगिल. दमट हवा?"

मानगिल उडी मारून खाली उतरला आणि रस्त्यावरच वाकला. "काका, पायानं प्लेट घासते. पहिल्या वेळेलाच कळलं होतं. हिंमत झाली नाही."

मागच्या गाड्याही थांबल्या होत्या. मास्तरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "आणखी कुणाला माहीत होतं?"

कूळच्या कूळ गवताकडे बघायला लागलं. कापायचं होतं ना, म्हणून बघत असल्यासारखं.

क्लच निवेपर्यंत थांबणं भागच होतं. आम्ही रस्त्याच्या कडेलाच पातेलं उघडलं. मास्तर एकटे दगडावर बसले होते, डावा पाय पुढं पसरून, दुसऱ्या कुणाचा असावा तसे त्याच्याकडे बघत. काकूंनी मांसाचा तुकडा कोबीच्या पानात गुंडाळून त्यांच्या तोंडापाशी नेला.

"रागावलात?"

"तो सार्जंट," मास्तर घास चावत म्हणाले, "त्याला स्वतःला गाडी येत होती का, हेच आठवून बघतोय. आम्ही त्याला कधी चालवताना बघितलंच नाही."

काकू हसायला लागल्या. आधी हळू, मग तोंडावर पदर नसल्यामुळे टोपी धरून. मास्तर आधी चिडले, मग तेही हसले. मग मागे सगळे. मानगिल तेवढा हसावं की नाही या विचारात.

गाडी निवल्यावर मास्तरांनी पाय बाजूला घेऊन चालवली. गाडी मुकाट्यानं वर गेली. थडग्यांवरचं गवत कापून झालं, सोजू ओतून झाली, सगळे दोनदा वाकले. मास्तर आपल्या वडिलांच्या थडग्यापाशी सगळ्यांपेक्षा जरा जास्त वेळ वाकून होते. काय सांगितलं, ते त्यांनाच ठाऊक.

आम्हाला वाटलं, आता मास्तर काही दिवस दाराबाहेर पडायचे नाहीत. पण पुढच्याच आठवड्यात गावच्या भोंग्यावरून सरपंचांचा आवाज आला. ज्यांनी ज्यांनी ज्वा मास्तरांकडे गाडी शिकली, त्यांनी आपापली गाडी घेऊन टाकीमागच्या रानात यावं. न येणाऱ्याची जबाबदारी त्याच्यावर.

सगळे गेले. आजोबा झालेले पुरुष, बागांच्या मालकिणी, खुद्द सरपंच. निळ्या गाड्यांची रांग गडग्यापर्यंत लागली होती. मास्तर टोपी घालून, हातात चापटी घेऊन उभे.

"चुकलो" वगैरे काही नाही. म्हणाले, "गाड्या बदलल्यात. धडाही बदललाय. दाबायचा, सोडायचा, पाय बाजूला. ज्याचा पाय पेडलवर दिसेल त्याला गुडघ्यावर बसेल."

आणि बसतही होती. सरपंचांना तर पहिल्याच फेरीत. मानगिल रानाच्या कडेला उभा राहून बघत होता. बायको त्याला म्हणाली, "आता खायचं काय आपण?" तो म्हणाला, "दुसऱ्या गावांत ब्रेक जातात अजून."

माझा नंबर आला. मास्तर शेजारी बसले, चापटी मांडीवर. मी गिअर टाकला, क्लच सोडला, पाय उचलून बाजूला ठेवला. रानाला एक फेरी मारली. बाजूनं एक शब्द नाही. थांबल्यावर मी हळूच विचारलं, "पास का, काका?"

"पायानं पास," ते उतरता उतरता म्हणाले. "आरसा बघायला तुला कुणी शिकवलं नाही का?"